ग्लॅडिओलसची तारीख

१२ एप्रिल
ग्लॅडिओलसचे कंद लावले! दीडशे. तारीख बाबांची — "बाराला लाव, सात ऑगस्टला फुलं हजर." चाळीस वर्षं सात ऑगस्टच्या मिरवणुकीत सिल्येटा, फुलांनी भरलेली लाकडी चौकट, पाठीवर वाहिली त्यांनी. आता गुडघे गेले. घरातून एकानेच चालायचं — मी, नाहीतर एलादियोदादा. तो मेदेयीन शहरात टायर विकतो, त्याच्या बाल्कनीत कोरफडसुद्धा जगली नाही! बाबांची अट — सगळी फुलं परसातली, मधोमध लाल ग्लॅडिओलस. विकतचं एक जरी दिसलं तर मान दादाचा. नाही दिसणार.

२५ एप्रिल
टोपलीच्या तळाशी बारके कंद उरले. "फेकून दे," बाबा म्हणाले, "कोंबड्यासुद्धा तोंड लावणार नाहीत." फेकवेना. खुराड्यामागे खोचले.

९ जून
पाऊस, पाऊस. डेलियांना काठ्या दिल्या. मिरवणुकीच्या सरावाला रोज बटाट्यांचं पोतं पाठीवर घेऊन चढण चढते. शेजारची ब्लांका कुंपणावरून — "अगं नुबिया, कंबर मोडेल!" माझी कंबर ठणठणीत आहे. तिने तिची बघावी.

२२ जुलै
ग्लॅडिओलस फुलले. सगळे. आजच! सात तारखेपर्यंत एकही टिकायचा नाही.

दादाचा फोन. "बाराला लावलेस? वेडी की काय! सत्तावीसला लावायचे. बारा तारीख बाबा शेजाऱ्यांना सांगतात."

इथे खरी तारीख कुणी कुणाला सांगत नाही, ते मला ठाऊक आहे. मीही ब्लांकाला कार्नेशनची खोटीच सांगितली. पण बाबांनी मला ब्लांकाच्या रांगेत बसवलं! खूप रडले.

२३ जुलै
विचारलंच बाबांना. "पोरी सासरी जातात. तारीखही बरोबर जाते," म्हणाले.
मी बावन्न वर्षांची आहे! रोज तुमची मक्याची अरेपा कोण भाजतं? हे मोठ्याने बोलले. त्यांनी मान खाली घातली.

४ ऑगस्ट
खुराड्यामागे लाल! बारक्या कंदांचे अडतीस तुरे, खालच्या कळ्या नुकत्या उमलतायत. किडकिडीत, पण ताठ. कुणाला सांगितलं नाही. कोंबड्यांनाही हाकललं.

७ ऑगस्ट
सिल्येटा मीच वाहिली. निघताना बाबांनी तिचा कपाळावरचा पट्टा स्वतः बांधला. लाल तुऱ्यांकडे बघत राहिले. "हे कधी लावलेस?"
मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.
"नको. कुणालाही सांगू नकोस. मलासुद्धा."