भिंतीवरचं माझं अक्षर

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. आरोग्य उपकेंद्राचा ओटा अजून तसाच आहे, तुमची लोखंडी खुर्चीही आहे, फक्त तिच्यात आता मी बसते. कोळवणच्या खाचरांत पुण्याच्या लोकांचे बंगले उठलेत आणि त्यांच्या राखणदारांच्या बायका माझ्याकडे हिंदीत औषध मागतात. रोज संध्याकाळी कुलूप लावताना वाटतं, पुरे झालं, आता कुणाशी बोलायचं नाही. नर्सचं अर्धं काम बोलण्याचंच, आणि मी बोलून बोलून दमले आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी तुमच्या हाताखाली नवीन होते, तेव्हाचा एक दिवस आठवतो. लावणीतून एक बाई तशीच उठून आली आहे, पोटऱ्यांपर्यंत चिखल. तुम्ही आत स्टोव्हवर सुया उकळताय. ती दारात घुटमळते. मला हुशारी दाखवायची हौस, मी मोठ्यानं विचारते, "बाळ पाडायचंय का?" ओट्यावर चार बायका बसलेल्या. ती आल्या पावली वळली. तुम्ही स्टोव्ह तसाच टाकून बांधापर्यंत तिच्यामागे गेलात, तिला परत आणलंत, चहा दिलात आणि गप्प बसलात. चहा संपला तरी गप्पच. शेवटी तीच म्हणाली, "राहिलंय. नको हाय." मग तुम्हीही 'राहिलंय' एवढंच म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पौडच्या सरकारी दवाखान्यात गेलात. मला मात्र झापलंत. "तुजं त्वांड हाय का भोंगा? तिच्या पोटात काय हाय त्ये ती सांगंल. आपुन न्हाई सांगायचं."

पुढं महिन्याभरात दुसरी एक आली. तिला हवं होतं आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. शहरातल्या डॉक्टरांनी समजूत घातली होती, नुसता गोळा होता, रडू नका. तुम्ही तिची पाठ चोळत म्हणालात, "बाळच हुतं गं तुजं." तिला तेव्हा कुठं मोठ्यानं रडता आलं. मी नंतर तुम्हाला अडवलं, बाई, त्या दिवशी 'राहिलंय' म्हणालात, आज 'बाळ' म्हणता, मग खरं काय? तुम्ही सुया मोजत म्हणालात, "ज्याचं दुखनं, त्याचं खरं." मला वाटलं, बाई टाळतायत. आधी चहा, मग गप्प बसणं, मग तिचाच शब्द, ही तुमची रीत मी पाठ केली, पण ती का, हे समजून घेतलं नाही.

मग, तुम्ही गेल्यावर, मुली पाडण्याविरुद्धची मोहीम आली. तेव्हा मी खरंच संतापलेली होते. माण गावाकडच्या एका घरात जमीन विकून गाडी आली आणि सुनेच्या पोटातल्या दोन मुली तपासून घालवल्या, हे मी जवळून पाहिलं होतं. वरून भिंतीवर लिहायला वाक्य आलं, लिंगनिदान करणे गुन्हा आहे. मला ते मिळमिळीत वाटलं. माझं अक्षर चांगलं म्हणून तुम्हीच मला पेन दिला होतात, "जपून वापर" म्हणून. मी ब्रश घेतला आणि लाल रंगात लिहिलं, 'गर्भपात म्हणजे हत्या. हत्येला देवाच्या दारी माफी नाही.' मुलींबद्दलचं काहीच त्यात नाही. मीच गाळलं, कारण वाक्य जितकं आखूड तितकं झोंबतं. सप्ताहात महाराजांनी तेच वाक्य कीर्तनात घेतलं, सगळ्या माना डोलल्या, आणि मी पुढच्या रांगेत ताठ बसले. एकदा हत्या म्हटलं की विचारायचं काही उरतच नाही, फक्त खुनी कोण ते शोधायचं राहतं. हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

यंदा भात कापून झाल्यावर खाचरात मेंढरं बसवायला एक धनगराचं कुटुंब आलं. त्यांची सून एका सकाळी आपल्या ओट्यापाशी आली. कडेवर अंगावर पिणारं पोर, मागं आणखी दोन. मी आत लशींची पेटी भरत होते. खिडकीतून दिसलं, ती भिंतीसमोर उभी आहे आणि ओठ हलवत वाचते आहे. मला बरं वाटलं, बाई. म्हटलं, वाचतंय कुणीतरी. पेटी भरून बाहेर आले तर ती गेली होती. नको असलेलं राहिलं होतं तिला; कायद्यानं जो गर्भपात तिला मिळाला असता, त्याची वाट माझ्या दारातूनच जात होती. पाच दिवसांनी तिचा नवरा धावत आला. तिनं कुणाकडून तरी मुळी उगाळून घेतली होती आणि रक्त थांबत नव्हतं.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती म्हणाली, "सिस्टर, म्या हत्या क्येली का वं?" तो शब्द तिचा नव्हताच, माझा होता. मी म्हटलं, "न्हाई गं बाई, न्हाई." तिनं डोळे उघडले. "मंग भितीवर त्ये कुनी लिवलंय?"

"सरकारनं," मी म्हटलं.

ती वाचली. भिंतीला मी चुना लावला, दोन हात देऊनही लाल रंग खालून दिसतोच. गावातल्या एका म्हाताऱ्यानं हटकलं, "पाप वाटंना व्हय पुसाया?" ओल आली होती, असं सांगून सुटले. वाद घालायची ताकद नाही. पोटातला जीव कधी जीव होतो हे मला आजही सांगता येत नाही, मीही देवळात जाते. पण तिच्याआधी मी बोलले, एवढं कळतं. लोहाच्या गोळ्या घेऊन दोनदा तिच्या पालावर गेले. दोन्ही वेळा तिनंच मला चहा दिला आणि मी गप्प बसून राहिले. तुमच्यासारखी नव्हे, भ्यायलेली.

खरं म्हणजे हे पत्र तिला लिहायला हवं. सातवीपर्यंत शिकली आहे, वाचता येतं तिला. पण ती माझं अक्षर ओळखेल, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.