डावीकडे कुणी बसू नये

६ जानेवारी १९७९
मनमाड सुटलं एकदाचं! निवृत्तीरावांची बदली झाली आणि आम्ही तिघं नाशिककर झालो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीबाहेर चिकूचं झाड, खाली घरमालकीण कमळाबाई. आमचं सामान लागायच्या आत त्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली. पोरगी सगुणा तर आल्या आल्या त्यांच्या मांडीवरच जाऊन बसली. फार बरं वाटलं.

११ जानेवारी
माझ्या डोकेदुखीला डॉक्टरांनी अर्धशिशी म्हटलं. आधी डोळ्यांपुढे झगमगती नागमोडी रेघ, मग डावी बाजू दिसेनाशी होते, मग ठणका. घाबरू नका, दिसणं परत येतं, म्हणाले. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, उपाशी मुळीच राहू नका. निवृत्तीराव म्हणतात, इतके दिवस तुझी डोकेदुखी मीच होतो, आता सुटलो!

२० जानेवारी
दुपारी रेघ आली. डावीकडची खिडकी दिसेना. अंधार करून पडले. उठले तर बाहेर चिकूचं झाड नाही. तोडलं का, विचारलं तर कमळाबाई हसल्या. तिथं कधी झाड नव्हतंच वो ताई, म्हणाल्या. ह्यांनीही तेच सांगितलं.

२ फेब्रुवारी
कमळाबाई माझ्या डावीकडे मेथी निवडत बसल्या होत्या. रेघ आली. नंतर पाहते तर खाली कुलूप. हे म्हणतात, घरमालक विंचूरला असतो, खाली कधी कुणी राहतच नव्हतं. मी खूप रडले. आता ह्या दोघांना उजवीकडेच बसवते, उजवीकडेच झोपवते. हे वैतागतात. वैतागू देत.

१२ फेब्रुवारी
दोघं सुखरूप राहावीत म्हणून सोमवार धरला. निर्जळी. दुपारी डोकं गरगरलं आणि— उपाशी राहू नका सांगितलं होतं मला! हे जेवायला घरी आले, दारातून आत, माझ्या डावीकडून—

१३ फेब्रुवारी
ह्यांच्या कचेरीत गेले. असा माणूसच नाही म्हणतात. खुंटीवर शर्ट नाहीत. सगुणा विचारते, बाबा म्हणजे कोण?

१९ फेब्रुवारी
मरावंसं वाटतं. पण हिला कोण? वेळेवर जेवते. वेळेवर झोपते. सगुणा सतत उजवीकडे.

२१ फेब्रुवारी
रेघ. ह्या वेळी उजवीकडे—
तिला ओढून डावीकडे घेतलं. आता तिकडेही—
डोळे मिटले तरी रेघ आहेच. लिहायची पुढची जागा दिसत नाही. सगुणा रडतेय, आई हात दुखतोय म्हणतेय. सोडणार नाही. बोटं माझ्या मुठीत आहेत. अजून आहेत. अजून—