दोन ताटांचे जेवण

३ मार्च
पुन्हा दोन्ही ताटे मीच रिकामी केली. हिच्या घशाखाली घास उतरत नाही. पाणी गिळतानाही डोळे घट्ट मिटते. "सूनबाईला सांगाल तर माझी शपथ! ती उद्याच दवाखान्यात नेईल." हिची थोरली बहीण तिथून परत आली नव्हती. अन्न टाकणे पाप, सांगणे शपथभंग, उरले खाणे. मिताहारावर आयुष्यभर प्रवचने केली — आणि आता हे पोट!

५ मार्च
रक्तातली साखर वाढली. डॉक्टर हसले, "आजोबा, प्रवचन लोकांसाठी वाटतं?" हृदयाचा आलेख पाहून त्यांनी नवे व्रत दिले — जेवणाआधी जिना जवळजवळ धावत चढायचा, क्षणभर थांबून पुन्हा. "थोडाच वेळ, पण जीव लावून. जास्तीचं खाल्लेलं पुसलं जाणार नाही. साखर मात्र आवरेल."

६ मार्च
चढलो. प्राणायामाची सारी पुण्याई दुसऱ्या मजल्यावरच संपली!

११ मार्च
मांड्यांचे दगड झाले आहेत. कठडा धरून धापा टाकत होतो, तर शेजारीण म्हणाली, "काका, मागे कोण लागलंय?" काय सांगावे — जेवण! हिला सांगितले तेव्हा ही किती दिवसांनी हसली. मग खोकतच राहिली.

१८ मार्च
सूनबाई कामावरून आली की आधी ताटे पाहते. "आई, चाटूनपुसून जेवता, मग अंगाला कसं लागत नाही?"
"आता काय अंग धरायचं वय आहे का, बाई?"
हिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मी पोथी उघडून एकच ओळ वाचीत बसलो.

२४ मार्च
साखर आटोक्यात! सूनबाईने टाळीसाठी हात पुढे केला — "बाबा, जिंकलात!" मी टाळी दिली. माझे शरीर इतके आज्ञाधारक निघाले की लबाडीची खूणही उरली नाही. निदान साखर तरी चुगली करीत होती! शपथ पाळणे धर्म खरा. पण ज्याच्या पालनाने ही तिळतिळ झिजते, त्याला धर्म कसे म्हणावे? फार थकलो आहे.

२५ मार्च
हिचे ताट तसेच झाकून ठेवले. संध्याकाळी सूनबाईने झाकण उचलले. "आई, कधीपासून?"
"यांच्या पोटाला विचार," ही म्हणाली — आणि दवाखान्यात जायला चपला शोधू लागली.