पेटी मागे पडते

३ मार्च

पेटी आजही मागे! डोक्याला नुसता ताप.

आईच्या कंपवाताच्या गोळ्या वेळच्या वेळी पोटात गेल्या नाहीत तर तिचे पाय जमिनीला खिळतात. म्हणून ऑफिसात धूळ खात पडलेला एक चाचणीचा बोर्ड साहेबांना विचारून घेतला, प्लास्टिकच्या डब्यात बसवला, वेळ दिसायला पडदा लावला, वेळ लावायला बाजूला बटणं, गोळीच्या वेळी ओरडायला भोंगा. झाली पेटी! पण चिपच्या पोटात जो ऑसिलेटर आहे – ज्याच्या ठोक्यांवर ती वेळ मोजते – तो रोज काही मिनिटं खातो. आठवडाभरात गोळी तासभर उशिरा.

महिनाअखेरीला माझी बदली, दुसऱ्या शहरात. मग इथे आई, बाबा आणि ही पेटी. तिने चुकून कसं चालेल?

बाबा म्हणाले, "आम्ही आहोत ना! तू बिनघोर जा."

४ मार्च

आज बाहेरून वेगळा क्रिस्टल लावला – घड्याळात असतो तसा, अचूक ठोके देणारा. बोर्डवर त्याची जागा आयतीच सोडलेली आहे. पलीकडच्या टेबलावरच्या भिंगोबाने – हा इंजिनिअर डोळ्याला भिंग लावूनच जन्मला असावा – माझं सोल्डरिंग निरखलं. "झकास. आता सेकंद चुकणार नाही." मी खूश.

६ मार्च

तेवढीच मागे. अगदी तेवढीच! जणू मी काही केलंच नाही.

७ मार्च

वैतागून क्रिस्टल उपटून काढला. बोर्ड चालूच! दिवा लुकलुकतोय, आकडे पळताहेत. मग मी लावलेला क्रिस्टल तिथे करत काय होता? भिंगोबा म्हणाला, "शोभेला असेल." हसायची ताकद नव्हती.

पेटी ऑफिसात असताना गोळ्या कोण देतं, असं घरी विचारलं. बाबांकडे बघून विचारलं, पण उत्तर आईचं. "हे देतात की. अगदी वेळेवर." बाबा म्हणाले, "अं? हो, हो." बाबांना काही विचारलं की हल्ली आईच बोलते. बडबडी झालीय!

१० मार्च

कळलं! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

क्रिस्टल आणि चिप यांच्यामध्ये जोडणीचे मोहरीएवढे दोन तुकडे बसवावे लागतात. ते बसवल्याशिवाय क्रिस्टलचा चिपशी संबंधच येत नाही. कारखान्यातून बोर्ड त्यांच्याशिवायच येतो. ठीक आहे, नाही दिसलं. पण मग बोर्ड बंद पडायला हवा होता ना? नाही पडला. कारण प्रोग्राममध्ये लिहिलंय – बाहेरचा ठोका मिळाला नाही तर थांबू नकोस, गाजावाजा करू नकोस, गुपचूप आतल्यावर चालत राहा.

कुणी लिहिलंय? मीच! पेटी अधेमध्ये बंद पडू नये म्हणून. आणि वर आठवडाभर मीच विचारतेय की हे चालतंय कसं.

तुकडे बसवले. क्रिस्टल पुन्हा लावला. ती ओळ खोडून नवी लिहिली – क्रिस्टल बंद पडला तर लाल दिवा लाव, बोंब मार. झाकाझाकी नको.

१५ मार्च

पेटी टेबलावर दिवसरात्र चालू आहे. सेकंदाचाही फरक नाही. जिंकले! घरी नेली.

१७ मार्च

पेटी दोन तास पुढे!! मागे नाही – पुढे! लाल दिवा लागलेला नाही. म्हणजे क्रिस्टल व्यवस्थित चालू आहे. मग?

१८ मार्च

आज सकाळी उठून बघते तर वेळ बरोबर. मी बोटही लावलं नव्हतं. माझं डोकं फिरलंय की पेटीचं?

१९ मार्च

पुन्हा पुढे. संध्याकाळी पुन्हा बरोबर. भिंगोबाला सांगितलं. तो म्हणाला, "क्रिस्टल रुसून पुढे जाऊन समजूत पटल्यावर परत येत नसतो. बाजूची बटणं कुणीतरी दाबतंय."

आईला विचारलं. "मी कशाला हात लावू बाई तुझ्या यंत्राला?" बाबांना विचारलं. "मी? मला काय कळतंय त्यातलं!" म्हणजे भुताने दाबली. मला काहीच समजेनासं झालंय. बदलीला दहाबारा दिवस उरले, आणि रडू येतंय. आईचे पाय अडकले आणि मी तिथे दूर असले तर?

२० मार्च

काही नाही. नुसती बसून राहिले पेटीकडे बघत. बाबांनी दोनदा येऊन विचारलं, "चहा घेतलास का?" दोन्ही वेळा हातात कपच होता.

२३ मार्च

सामान बांधायचं म्हणून लवकर घरी आले. दार उघडंच होतं. बाबा पेटी हातात घेऊन बटणं दाबत होते, घाबरेघुबरे. "अगं, इतका वेळ झाला. आपली पोर शाळेतून अजून कशी आली नाही?"

"येईल हो. वाटेत असेल," आई म्हणाली. हळूच त्यांच्या हातातून पेटी घेतली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि थरथरत्या बोटाने वेळ नीट लावली. सवयीने. मग तिने मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं.

बदलीला नाही म्हणून साहेबांना उद्याच सांगणार आहे.

मी दोन जिने खाली उतरले. डोळे पुसले. परत वर येऊन बेल वाजवली. "बाबा, आले मी!"

बाबांनी आईकडून पेटी ओढून घेतली आणि माझ्यासमोर धरली. "किती वाजले बघ!"

पेटीतली वेळ अगदी बरोबर होती.