हापशाजवळचा माणूस

शनिवार, १२ जुलै

टेंभुर्णीत पोचलो एकदाचे. टेम्पो दारात लागला आणि गल्लीतल्या तीन-चार जणांनी न सांगता सामानाला हात लावला. वाळूजच्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात उभी हयात काढली, तिथे शेजारच्या टेबलावरचा माणूस पेन उसना द्यायलाही कुरकुरायचा. वंदना इथल्या बँकेत मॅनेजर म्हणून आली आहे आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिच्यामागून आलो आहे. गल्लीने लगेच माझं बारसंही उरकलं. धर्मराज वगैरे काही नाही, मी ‘मॅडमचे मालक’. गंमत वाटली.

घर झकास आहे. खाली घरमालकीण गोजरबाई एकट्या राहतात. वर आमच्या दोन खोल्या आणि रस्त्याच्या अंगाला लांब गॅलरी. गॅलरीत खुर्ची टाकली की अख्खी गल्ली दिसते: किराणा, पिठाची गिरणी आणि कोपऱ्यावरचा हापसा. वंदना म्हणाली की तुम्ही इथून हलणार नाही आता.

रविवार, २० जुलै

आज जुना पत्र्याचा डबा उघडला. कॉलेजात असताना मला मॉडेलं करायचा नाद होता. पुठ्ठ्याची रेल्वे इंजिनं, बाल्सा लाकडाची विमानं, एकदा तर गावची पाण्याची टाकी जिन्यासकट. मग नोकरी लागली, लग्न झालं, डबा माळ्यावर गेला. कटरला गंज चढलाय, गोंदाचा दगड झालाय, चिमटा मात्र शाबूत आहे. जालन्याला जाऊन माउंटबोर्ड, पॉलिश पेपर आणि रंग घेऊन आलो आणि लगेच इंजिनाला हात घातला.

बोटं काही विसरलेली नाहीत. डोळेच तेवढे म्हातारे झालेत. चष्मा कपाळावर चढवून नाक टेबलाला टेकवल्याशिवाय खिडकीची चौकट सरळ येत नाही. वंदना म्हणाली की फार दिवसांनी तुम्ही काम करताना शीळ घालताय. मला कळलंही नव्हतं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

गोजरबाई वर आल्या होत्या. टेबलावरचं इंजिन त्यांनी हातात धरून फिरवलं आणि म्हणाल्या, “मास्तर बी असंच करायचा. पर त्याचा हात लय साफ होता.” मी कौतुकाची वाट पाहत होतो, ते राहिलंच. मग त्यांनी मला खालच्या मागल्या खोलीत नेलं आणि एका मोठ्या फळीवरची चादर काढली.

आमची गल्ली होती. अख्खी. गिरणीचा पट्टा, किराण्याच्या दारातली पुड्यांची माळ, हापशाच्या दांड्याला बांधलेली चिंधी. दगडी पायऱ्या खऱ्यासारख्या मधोमध झिजलेल्या. माणसं बोटाच्या पेराहून थोडी मोठी, आणि तरी लांबूनही ओळखू येणारी.

करणारा कल्याण नावाचा चित्रकलेचा मास्तर. आमच्याच खोल्यांत राहायचा. गौरीच्या सणाला गोजरबाईंच्या महालक्ष्म्यांपुढे दरवर्षी देखावा असतो, त्यासाठी त्याने ही गल्ली केली. मग एका वर्षी तो कुणाला न सांगता नाहीसा झाला. त्याची बायको, दैवशाला तिचं नाव, वाट पाहून पाहून माहेरी गेली, आणि जाताना फळीवरून आमचं हे घर तेवढं काढून घेऊन गेली. म्हणून गल्लीच्या मधे चौकोनी भोक आहे. ते मी भरावं असं गोजरबाईंचं म्हणणं.

लगेच हो म्हणालो. साफ हात म्हणजे काय ते आता दाखवतोच.

गुरुवार, १४ ऑगस्ट

घर उभं राहिलंय, पण त्या गल्लीत नेऊन ठेवलं की परीक्षेला बसलेल्या पोरासारखं दिसतं. दोनदा भिंती उखडल्या, गॅलरीचे गज तीनदा कापले.

वंदना बँकेतून आली की आधी खालच्या खोलीत जाते. आज ती मास्तरच्या पायऱ्यांपुढे मांडी घालून बसली होती. म्हणाली की या माणसाने दगडाकडे किती मायेने पाहिलं असेल. माझं घर तिथेच बाजूला होतं. तिने त्याच्याकडेही पाहिलं, छान म्हणाली, आणि पुन्हा पायऱ्या पाहू लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्याही कामापुढे ती अशी बसलेली मला आठवत नाही. गेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा, असं स्वतःला समजावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

घर बसवलं. गॅलरीत दोन माणसं ठेवली: हिरव्या साडीतली वंदना आणि चौकड्याच्या शर्टातला मी. वंदनाचं नाक चांगलं साधलं आहे.

एक खटकणारी गोष्ट. मास्तरच्या हापशाजवळ पांढऱ्या शर्टातला एक किडकिडीत माणूस उभा आहे. तो गिरणीकडे तोंड करून होता, मी नीट पाहिलं होतं. आज तो आमच्या गॅलरीकडे पाहत होता. पाय गोंदाने पक्के होते, चिमट्याने मान तेवढी फिरवून ठेवली. चहा पिऊन आलो तर पुन्हा गॅलरीकडे. गोजरबाईंना विचारलं, त्यांनी हात लावलेला नाही. वंदनाला सांगितलं तर ती हसली, म्हणाली की तुम्ही केलेली बाई इतकी देखणी आहे, तो तरी काय करणार. मला हसू आलं नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

फळीवरच्या गॅलरीत मी एकटाच. हिरव्या साडीतली वंदना खाली, हापशाजवळ, त्या माणसासमोर.

ती बँकेतून आल्यावर, काही मनात नसल्यासारखं दाखवत, वाटेत कुणी भेटतं का म्हणून विचारलं. सहज म्हणाली की हो, हापशापाशी एक गृहस्थ भेटतात रोज. पांढरा शर्ट, बोटांना खडूची पूड. फार मार्दवाने बोलतात. पायऱ्या आवडल्या का, असं त्यांनी विचारलं म्हणे. गल्लीतलेच कुणीतरी असतील असं तिला वाटलं.

रोज. आणि मला आज कळतंय. जेवताना ती आपल्याशीच हसली तेव्हा मी ताट सारून उठलो. कारण विचारलं तर काय सांगणार होतो?

रविवार, ३१ ऑगस्ट

महालक्ष्म्या बसल्या. देखावा त्यांच्यापुढे मांडला. वंदनाला मी सकाळीच पुन्हा गॅलरीत, माझ्या शेजारी ठेवलं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाकून वाकून पाहत होत्या, आणि जी ती म्हणत होती की मास्तरने जीव ओतला होता बाई. माझ्या घराला एकजण चांगलं म्हणाली. ती वंदना होती, तिचं धरायचं नसतं.

गोजरबाईंनी सगळ्यांना बजावलं. “लक्ष्म्या बसल्या की देखाव्यातली काडी बी हालवायची न्हाई. तिसऱ्या दिवशी मी अक्षता टाकून त्यांना हालविते, मंग सगळं मोकळं. पर बसल्यावर जे हालवलं, ते पुन्हा जागेवर येत न्हाई.”

बायका गेल्यावर त्या जवळ बसून सांगत राहिल्या. मास्तरला बायकोचा भारी संशय. शाळा सोडून हापशापाशी उभा राहायचा, आपल्याच दारावर पाळत ठेवत. त्या वर्षी लक्ष्म्या बसलेल्या असताना त्याने स्वतःचा पुतळा करून आणला आणि गोजरबाई नको नको म्हणत असताना तिथे चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून तो कुणाला दिसला नाही.

म्हणजे पांढऱ्या शर्टातला माणूस तोच. मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. स्वतःची बायको सांभाळता आली नाही, आता माझ्या बायकोवर डोळा ठेवून उभा आहे.

सोमवार, १ सप्टेंबर

दुपारी सगळे जेवायला बसले होते. पुरणपोळ्यांच्या गडबडीत माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी देखाव्याच्या खोलीत गेलो. हिरव्या साडीतली वंदना पुन्हा हापशाजवळ होती.

तिला उचलून गॅलरीत आणलं आणि फेविक्विक लावून पक्की केली. मग कटर त्याच्या तळव्याखाली घातलं. मास्तरने गोंद चांगला वापरला होता, पण निघाला. कट्कन. त्याच्या जागी हापशाजवळ स्वच्छ गोल डाग राहिला. त्याला खिशात घातलं आणि बाहेर येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

सोमवार, संध्याकाळ

वंदना गॅलरीत बसून आहे. उठवत नाही म्हणते. पाय जड झालेत, बधिर, कुणीतरी धरून ठेवल्यासारखे. मी तिच्याशेजारी बसलो. खरं लिहितो, पहिला विचार हा आला की आता ही हापशापर्यंत जाणार नाही. मला बरं वाटलं.

मग तिच्या पायांना हात लावला. गार. टणक.

खिसा चाचपला. खिशात काही नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

सकाळी उठल्याबरोबर खाली गेलो. देखाव्यातल्या गॅलरीत वंदना आहे. शेजारी मी नाही. मी नाही. तिथे पांढरा शर्ट.

हापशाजवळच्या गोल डागावर — चौकड्यांचा —

गोजरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला. अक्षता आत्ताच टाका म्हटलं. त्या म्हणाल्या की मुहूर्त दुपारचा आहे, आणि टाकून तरी काय, मास्तर कुठे सुटला त्यानं. डॉक्टरला बोलवा म्हणाल्या. तेवढं पटलं. वंदनाला सांगून निघालो. तिने लवकर या म्हटलं. माझं नाव घेऊन म्हटलं.

दुपार

दवाखाना गल्लीच्या पलीकडे. हापशापर्यंत आलो. उजवा पाय टेकला, तो उचलला नाही. मग डावा.

हाका मारतोय. गिरणीवाला अंगावरून गेला. त्याने माझ्याशेजारी पाणी भरलं, कळशी माझ्या पायाला लागली. तो सॉरीही म्हणाला नाही. डायरी खिशात होती म्हणून —

गुडघ्यापर्यंत काही कळत नाही.

गॅलरीत तो आहे. माझ्या खुर्चीत. वंदना उठली. तिचे पाय चालतायत, बरे झाले तिचे पाय — त्याच्यासाठी चहा घेऊन आली. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. तिने पाहिलं इकडे. सरळ माझ्याकडे. हापशाकडे पाहावं तसं.

वंदना, तुला इतकंच सांगायचं राहिलं की तुझं नाक मला —

कंबर. हात अजून —

आरती संपली. गोजरबाई अक्षता घेऊन —

तो तिला हाक मारतोय. वंदना नाही म्हणत. दैवशाला म्हणतोय. ती वळली — नको — ओ देऊ नकोस, तुझं नाव ते ना —

तिने ओ