दसऱ्याच्या आत उड्डाण

३० मार्च, पाडवा
आजपासून विमान पूर्ण करायला घेतलं. ह्यांनी नऊ वर्षं खपून मागच्या पडवीत सांगाडा उभा केला, चाकं बसवली, जुन्या गाडीचं इंजिन जोडलं, नाकावर सागवानी पंखा लावला. मागच्या पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात हे गेले. राहिले फक्त पंख. म्हणजे झालंच आहे.
मी आठवणीबिठवणीसाठी करत नाही. पडवी मोकळी व्हावी, एवढंच.
अमरावतीहून शेखरचा फोन. "आई, ते भंगारवाल्याले दे अन् इकडं ये. अकोटले एकटी काहून राहून राहिली?" पोटचा पोरगा, पण भंगार म्हणाला. मी म्हटलं, दसऱ्याच्या आत उडवून दाखवते. नाही उडालं तर घराला कुलूप लावून कायमची तुझ्याकडे. "लिहून दे," म्हणाला. व्हॉट्सॲपवर दिलं.
सहा महिने आहेत. भरपूर झाले.

६ एप्रिल
वाचनालयातून विमानावरचं पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हे ड्यूटीवर गेले की घरात वाचण्याशिवाय उद्योग नसायचा, त्यामुळे पुस्तकाची भीती नाही. तिसरं प्रकरण सगळं गणिताचं. सोडलं. गणित ह्यांनी त्यांच्या विमानाच्या वहीत केलेलं असणारच. उतरण्याचं प्रकरण शेवटी आहे. त्याची आत्ता घाई नाही.

१९ एप्रिल
ऊन चव्वेचाळीस. ट्रंकेत ह्यांचे एसटी वर्कशॉपचे खाकी ड्रेस, चौदा. उसवले आणि बांबूच्या कामट्यांचे पंख बांधून त्यांवर शिवले. पुस्तकात 'हलकं कापड' लिहिलं आहे. तीस वर्षं धुतलेली खाकी हलकीच असते.
उजव्या पंखावर दोन खिसे राहिले. कात्री घेतली होती, मग ठेवून दिली. खिशांनी काही अडत नाही.

४ मे
कापड ताठ करायला पुस्तकात एक खास रंग सांगितला आहे. अकोटात मिळत नाही. शेजारच्या पंचफुलेने कुरड्यांसाठी गहू भिजवून वाटला होता, तिच्याकडे पातेलंभर चीक मागितला. "इमानाले चीक? मंग जिरं बी टाकू का वं?" हसण्यावारी नेलं. शिजवून दोन्ही पंखांना गरम गरम थापला. संध्याकाळी बोट मारलं तर ढोलासारखा आवाज! परदेशात हे कोणाला सुचलं नसेल.

५ मे
पंचफुलेने उरलेल्या कुरड्या माझ्या डाव्या पंखावर घातल्या. न विचारता. म्हणे, "साऱ्या गल्लीत एवढी सपाट जागा उन्हात कोनाकडं हाय?" दोन दिवसांची मुदत दिली.

१२ जून, दुपारी ३
इंजिन सुरू झालं! योगेश गॅरेजवाला ह्यांच्या हाताखाली शिकलेला, त्याने केलं. मी डोळ्यांना पदर लावला. धूर फार होता.
योगेश म्हणाला, "काकू, वजन लई हाय. अन् उडलंच, तं खाली कसं आनान?" शेवटचं प्रकरण, मी सांगितलं. मग त्याने सरकारी परवानगीचं काढलं. आधी उडू दे, मग मागू. न उडणाऱ्या विमानाची परवानगी मागून ऑफिसवाल्यांना त्रास का द्यायचा?

१७ जुलै
पाऊस. पंख सोडवून घरात आणले. एक भिंतीला, एक पलंगावर ह्यांच्या बाजूला. दमट हवेने थोडे सैल पडलेत, आंबूस वासही येतो. पण शेजारी काहीतरी आहे म्हटल्यावर झोप चांगली लागते.

२१ ऑगस्ट
चाचणी! पंचफुलेच्या शेतातला मूग निघाला, शेत मोकळं. पंख पुन्हा जोडून विमान तिकडे नेलं. योगेश बस म्हणेना, तरी मी बसले. सतरा हात गेले. नंतर काळ्या मातीत चाकं पार रुतली. योगेशने ट्रॅक्टर आणला, तोही फसला. पंचफुलेकडे बैलजोडी मागितली. ती म्हणाली, "आत्ताच खांदे मळले वं, हळद-लोनी लावून. उद्या पोळा. त्यायच्या खांद्यावर आता जू ठेवू? परवा पाहू."
विमान शेतात मुक्कामाला. उड्डाण नाही म्हणता येईल, पण प्रवास तर झाला.

२२ ऑगस्ट, पोळा
रात्री धो धो पाऊस. सकाळी शेतात गेले, तर पंचफुलेचा बैल, अंगावर झूल, शिंगांना बेगड, माझा डावा पंख चाटतोय. चीक भिजून मऊ झालेला, शेवटी गहूच तो. चाटता चाटता खायला लागला. मी काठी उचलली. पंचफुला ओरडली, "आज नको मारू वं त्याले! सन हाय त्याचा!" तेही खरंच. आज बैलाला हात लावता येत नाही. हात जोडून विनंती केली. त्याने पंखाचं कापड ओढून फाडलं, एक अख्खी बाही संपवली, बटण तेवढं थुंकला. पंचफुलेने पुरणपोळी पुढे केली, तर वास घेऊन तोंड फिरवलं.
एकच पंख गेला. दुसरा शाबूत आहे.

५ सप्टेंबर
पोळ्यानंतर बैलांनी विमान ओढून पडवीत आणलं. नवा पंख शिवायचं ठरलं. कापड म्हणून एकच ड्रेस उरला आहे, विमानाचं काम करताना हे घालायचे तो. अजून धुतलेला नाही, ऑइलचा वास येतो. दुपारी कात्री घेऊन बसले, दिवेलागणीला उठले. एका ड्रेसमध्ये पंख बसत नाही, म्हणून नाही कापला.

२ ऑक्टोबर, दसरा
शेखर आणि सूनबाई गीतांजली सकाळीच हजर. मी म्हटलं, सोनं आठवडाभर देतात, तर दसराही आठवडाभर धरायला हरकत नाही. शेखर उठला. पडवीत जाऊन विमानात बसला. बराच वेळ उतरेना. मग म्हणाला, "आई, बाबानं दोन सीटा काहून लावल्या यात?"
मी म्हटलं, एक सामानासाठी असेल.

५ ऑक्टोबर, अमरावती
चार दिवसांसाठी आले आहे. सोय म्हणून गॅस सिलिंडर आणि तुळस पंचफुलेकडे देऊन आले. वाचनालयाचं डिपॉझिटही परत घेतलं, पडून कशाला ठेवायचं?
पाचवा मजला. ह्यांच्या वहीत पहिल्या उड्डाणाची उंची चाळीस फूट लिहिली आहे. इथे पन्नास तरी भरेल. लिफ्टने आले. कान दुखले नाहीत.
गीतांजलीने विचारलं, "आई, बॅग रिकामी करू का?" म्हटलं, राहू दे, चार दिवसांचा प्रश्न. दुपारी माझा डोळा लागला असं समजून तिने सगळं कपाटात लावलं. खाकी ड्रेस हँगरला अडकवला, धुवायला टाकला नाही.
मी डोळे मिटूनच होते.