कुतुबाच्या पायऱ्या

दिल्ली, १२ फेब्रुवारी २०२४

चि. मंगल हीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. माझ्यासाठी स्वरूपने रजा काढली आहे. त्याची तेजस्वी तर चांदणी चौकातल्या गर्दीत सासूचा हात सोडायला तयार नव्हती. आज कुतुबमिनार पाहिला. शाळेच्या सहलीत चढलो होतो तशीच आतल्या पायऱ्यांनी पहिल्या सज्ज्यापर्यंत गेले. तेव्हा खालून सिस्टर ओरडत होत्या आणि तू माझी वेणी धरून चढत होतीस, आठवतं? संध्याकाळी इंडिया गेटखालची ज्योत पाहिली.

फोन बिघडला आहे. एक बाई बेळगावला परतताहेत, त्या हे पत्र तिथे टपालात टाकतील. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी आठवण काढणारी,
आक्का

निपाणी, १६ फेब्रुवारी

तीर्थरूप आक्कास, शि. सा. न. वि. वि.

पत्र पुन्हापुन्हा वाचलं. कुतुबाच्या पायऱ्या आपल्या सहलीनंतर दोनेक वर्षांतच बंद झाल्या. मागच्या वर्षी महिला मंडळाबरोबर गेले तेव्हा मी तिथे हुज्जतही घातली, पहारेकरी नुसता हसला. इंडिया गेटखालची ज्योतही शेजारच्या स्मारकात नेली आहे. तू पाहतेस ती दिल्ली आपल्या वेण्यांच्या काळातली आहे. मग तू आहेस कुठे?

स्वरूप फोन उचलत नाही. रागावू नकोस, पण दिवाळीत तो मला म्हणाला होता की मावशी, आईला एकटीला एवढं घर लई मोठं हाय. मी चहा गाळत होते, लक्ष दिलं नाही. आता तेच सारखं आठवतं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले आधी मालिका बघायच्या बंद कर. पण त्याने तुला एखाद्या आश्रमात ठेवून ही पत्रं लिहायला लावली आहेत का?

त्या परतणाऱ्या बाईंवर माझा विश्वास नाही. म्हणून हे मुद्दाम तुझ्या बेळगावच्या, टिळकवाडीच्या घरी पाठवते. खरंच दिल्लीत असशील तर ते कुलपाआड पडून राहील. उत्तर आलं तर तू बेळगावातच आहेस, हे मला कळेल. आठवड्यात काहीच कळलं नाही, तर मी पोलिसात जाणार.

लोभ आहे तसाच ठेव, बातम्या मात्र खऱ्या पाठव.

मंगल

टिळकवाडी, १९ फेब्रुवारी

चि. मंगल हीस आशीर्वाद.

पत्र दाराखालून आत आलं आणि मी ते उचललं. पोलिसात जाऊ नकोस. मी घरीच आहे.

निघताना समोरच्या बाळाबाईने ओटी भरली. गल्लीतल्या बायका फाटकापर्यंत आल्या. कुणी दिल्लीची शाल सांगितली, बाळाबाईने बांगड्या. रिक्षा स्टेशनाजवळ आली आणि स्वरूपचा फोन आला, की तेजस्वीचे आईवडील अचानक आलेत, जागा नाही, तू पुढच्या महिन्यात ये. मी बरं म्हटलं. ओटीतला नारळ मांडीवर होता. तो घेऊन त्याच बायकांसमोर कशी उभी राहू? भर दुपारी, गल्ली झोपल्यावर, मागच्या दाराने आत आले. पुढचं कुलूप तसंच आहे. फोन बंद, टीव्ही मुका, आणि कुकरची शिट्टी होऊ देत नाही. परतणारी बाई कुणी नव्हतीच, पत्रं मीच दुपारी मागच्या दाराने जाऊन पेटीत टाकते.

त्याने मला कुठे ठेवलं नाही गं. नेलं नाही, एवढंच. पण गल्ली त्याला नावं ठेवेल, ते मला ऐकवणार नाही. म्हणून डोळे मिटले आणि मला माहीत होती ती दिल्ली लिहिली.

कुणाला सांगू नकोस.

आक्का

निपाणी, २२ फेब्रुवारी

तीर्थरूप आक्कास, शि. सा. न. वि. वि.

आधी रडले, मग शिट्टी न होऊ देणारी तू डोळ्यासमोर आलीस आणि हसले. स्वरूपशी मी नंतर भांडेन. त्याच्या मनात ते घर आहे की नाही, हेही तेव्हाच विचारेन. बुधवारी दुपारी येते, मागच्या दाराची कडी काढून ठेव. दिल्लीची दोन तिकिटं काढली आहेत. मंडळाच्या ओळखीने खोली मिळाली आहे, त्याच्या घराची गरज नाही. गल्ली झोपलेली असतानाच निघू. परतताना मात्र रिक्षा पुढच्या फाटकाशी थांबवायची आणि बाळाबाईच्या बांगड्या तिच्या हातात द्यायच्या. तो नारळ बरोबर घे, प्रवासाचा आहे तो.

कुतुबावर चढता येणार नाही. खालूनच बोट करून मला तो सज्जा दाखव. त्या दिवशी वर पोचेपर्यंत तुझ्या वेणीशिवाय मी काही पाहिलंच नव्हतं.

हात धरायला येणारी,
मंगल